दुसऱ्यांची पत्रं आणि आमची केटली

जुन्या गोष्टींचं माळ्यावरच्या सामानासारखं असतं. एक काढायला जावं, तर चार डोक्यावर पडतात! इंदिरा नगरच्या पार्कात आम्ही म्हातारे बसतो. तिथं कुणी नुसतं म्हणालं, "मोबाइलवरचं हल्ली सगळं वाचतात म्हणे," की माझी जीभ सुटलीच. नात लांबूनच ओरडते, "दादू, फिर शुरू हो गए?" अगं, शुरू काय! तुमचं मशीन वाचतं. आमच्या वेळी मी वाचायचो. मी, सातवी नापास!

*

आणीबाणी लागली तेव्हा मी टपालाच्या थैल्या उचलायचो. वडील फौजेत हवालदार, साताऱ्याहून बदलीवर लखनौला आले ते इथलेच झाले. हज़रतगंजाकडच्या एका सरकारी इमारतीत मागची खोली रिकामी केली, टेबल टाकलं आणि लोकांची पत्रं, तारा, छापायचे मजकूर तिथं तपासायला लागले. साहेब होते सक्सेना. भला माणूस, ब्लडप्रेशरवाला. इंग्रजी, उर्दू वाचणारे मिळाले, मराठीला कुणी मिळेना.

"बबन, मराठी पढ़ लेते हो?"

"साहब, अक्षर तो आपके ही हैं. आप भी पढ़ लेंगे."

"पढ़ तो लूँगा. समझेगा कौन?"

असा मी एका दिवसात हमालाचा एक्स्पर्ट झालो! जेल, संप, महागाई, सरकार, यातलं काही दिसलं की ती ओळ काळी करायची. आणि ही गोष्ट बाहेर कुठं बोलायची नाही, अगदी बायकोपाशीसुद्धा नाही, अशी सही घेतली. बायकोला सांगायचं नाही, हा सरकारचा एवढाच नियम मला मनापासून आवडला!

*

हत्यार म्हणजे केटली. पाकीट वाफेवर धरायचं, गोंद सुटला की स्वेटरच्या सुईनं अलगद उघडायचं. चहाही त्याच केटलीत.

साहेब म्हणायचे, "चाय में गोंद की बू आती है."

"अच्छा है साहब, मुँह चिपका रहेगा!"

साहेब हसले नाहीत. त्या खोलीत तशी हसायची सोयच नव्हती. दिवसभर दुसऱ्यांची आजारपणं, दुसऱ्यांची भांडणं. एका फौजीच्या बायकोनं नवऱ्याला पत्रात तान्ह्याच्या पावलाचा ठसा पाठवला होता, कुंकवात बुडवून. साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. "इसमें काटने को कुछ नहीं है," म्हणाले, आणि पाकीट स्वतः चिकटवलं. तेव्हापासून मी त्यांना जरा कमी छळलं. जरा!

*

कारण त्याच आठवड्यात साहेबांना मराठी पत्रांत एक भयंकर गोष्ट सापडली. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'सा. न. वि. वि.' दिल्लीचं पत्र असो की सांगलीचं, सगळीकडे तेच!

"बबन, ये कोड है."

मी म्हटलं, "लगता तो है साहब. तहक़ीक़ात करनी पड़ेगी."

चार दिवस तपास चालला. रोज मला समोसे. पाचव्या दिवशी साहेब रिपोर्ट वर पाठवायला निघाले, तेव्हा मात्र मी दार अडवलं. सांगून टाकलं, "साहब, नमस्ते है. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष."

साहेब खाली बसले. "हर चिट्ठी में ज़मीन पर लेटकर नमस्ते?"

"जी."

"तो फिर तुम लोगों से सरकार को डर काहे का?"

*

मिर्झासाहेब एक लहानसं साप्ताहिक काढायचे. दर आठवड्याला मजकूर दाखवायला यायचे, अत्तर लावून, वाकून सलाम करून. साहेब लाल पेन्सिलीनं अर्धं पान खोडायचे. आता ती जागा कोरी सोडायलाही बंदी होती!

"हुज़ूर, यहाँ क्या छापूँ?"

"कुछ भी छापिए. खाना-वाना."

मिर्झासाहेबांनी कारल्याची पाककृती छापली. पुढच्या आठवड्यात खोडलेल्या जागी पुन्हा कारलं. भरलेलं कारलं, दह्यातलं कारलं, कारल्याचं लोणचं. वाचकांना कळून चुकलं. चौकात लोक विचारायचे, "मियाँ, इस हफ़्ते कितना करेला?"

एका अंकात तर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत कारलंच होतं. त्यानंतर अंक आला नाही. मिर्झासाहेबही आले नाहीत. मी साहेबांना विचारलं, तर ते पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक आधीच होतं.

*

आता दामले. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायचे, ड्राफ्ट्समन. त्यांचा एकुलता एक विनय तिकडे महाराष्ट्रात शिकायला होता. पत्रकं वाटताना धरला आणि आत टाकला. पंधरा दिवसांनी त्याचं एक पत्र यायचं. आधी जेलवाले तपासायचे, मग माझं टेबल. तिथं नजरेतून सुटलेलं मी पकडायचो. हुशार ना मी!

रविवारी मराठी मंडळात दामलेकाकू मला गाठायच्या. "बबन, तू टपालातला. अरे, पत्रात ओळीच्या ओळी काळ्या येतात. खाली काय असेल रे?"

"काकू, शाई सांडत असेल."

"प्रत्येक वेळी?"

दामलेकाका एकदा सगळ्यांसमोर ओरडले, "कोण फोडतो रे आमची पत्रं? हात झडोत त्याचे!"

मी लाडवाचं ताट पुढं केलं. म्हटलं, "झडोत, काका, झडोत! लाडू घ्या."

मंडळ हसलं. मीही हसलो. आदल्याच दिवशी मी विनयची एक ओळ काळी केली होती: 'महिनाभर ताप उतरत नाही, खोकल्यात रक्त दिसतं, बाबांना म्हणावं मोठ्या दवाखान्यासाठी अर्ज करा.' जेलच्या आतलं बाहेर जायला नको, हा नियम. मी ब्रश दोनदा फिरवला. एकदा फिरवला असता तर उजेडाला धरून वाचता आली असती.

आणीबाणी उठली, विनय सुटला. स्टेशनवर त्याला दोघांनी धरून उतरवलं. दोन महिन्यांत गेला. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर.

*

आणि हे शेवटचं. पुढं काही वर्षांनी दामलेकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी भेटायला गेलो. काका भाजी आणायला गेलेले. काकू म्हणाल्या, "बबन, उशाखाली विन्याचं पत्र आहे. रोज वाचते मी. आज वाचता येत नाही, तेवढं वाचून दाखव."

मी घडी उलगडली आणि वाचू लागलो. काकूंना सगळं पाठ. माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. 'ती. आईस... येथे सर्व ठीक... ग्रंथालयातून पुस्तकं मिळतात...'

मग त्यांचे ओठ थांबले.

मी थांबलो नाही. 'महिनाभर ताप उतरत नाही, खोकल्यात रक्त...' अख्खी ओळ वाचली, पुढच्या ओळीवर गेलो, आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडे माझं लक्ष गेलं. तिथं काळी पट्टी होती.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. काकू भिंत चाचपत उठल्या, आत गेल्या. मी चपला शोधू लागलो. काकू रेल्वेच्या जुन्या फायलीचं कव्हर घेऊन परत आल्या. आत सगळी पत्रं, सुतळीनं बांधलेली. माझ्या मांडीवर ठेवली.

"ही पण वाच."

"काकू, मी..."

"काळ्यातलंसुद्धा."

वाचली. काही आठवत होतं. बरंचसं आठवत नव्हतं, हजारो पत्रं हाताखालून गेलेली! पण काळी पट्टी आली की थांबायची माझी छाती होईना. मग मी घालत गेलो मनाचंच. आई, तुझी आठवण येते. आई, इथं सगळे जपतात मला. आई, घरी आलो की तुझ्या हातची शेवयांची खीर खाणार, वाटीभर नव्हे, पातेलंभर.

काकूंनी हात वर केला. मी वाचणं थांबवलं.

"विन्यानं शेवयांची खीर जन्मात कधी तोंडात घातली नाही रे," त्या म्हणाल्या. "पण तू वाच."