आबांनी उंच केलेलं हँडल

माझ्या आबांना सायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

शालिग्राम धुडकू पाटील हे त्यांचं नाव. गाव पारोळ्याजवळचं, पण एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले ते इथलेच झाले. उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमला तेल घालायला लागले आणि एक्केचाळीस वर्षांनी, लूम दुरुस्त करणारे मास्तर म्हणून, तिथूनच निवृत्त झाले. लिंबायतच्या आमच्या खोलीपासून खात्यापर्यंत रोज पायी जायचे, पायी यायचे. सायकल शिकायला वेळ होता कुणाला? बारा-बारा तासांची पाळी. मला सायकल शिकवली ती गल्लीतल्या पोरींनी. आबा तेव्हा एक तर झोपलेले असायचे, नाहीतर खात्यात.

लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले. मग ते तळहातानं ऐकायला लागले. चालू लूमवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते सांगायचं. दुसऱ्या खात्यांचे शेठसुद्धा त्यांना बोलवायला माणूस पाठवत. याचा मला लहानपणापासून तोरा आहे आणि तो मी लपवत नाही.

मी वर्षा, त्यांची एकुलती एक मुलगी. राहायला त्यांच्याजवळच. मी आशा कार्यकर्ती आहे. पर्वत पाटियाच्या पलीकडच्या वस्त्यांत घरोघर जायचं, गरोदर बायकांची नोंद करायची, तान्ह्या बाळांची वजनं घ्यायची, हे माझं काम. गेल्या वर्षी जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण जरा वाकडं बसलं. मोपेडची मूठ पिळता येईना. पायी जायचं म्हटलं तर दिवसभरात निम्माच भाग उरकायचा. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मनीषा मॅडम वाईट नाहीत, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्या म्हणाल्या, "वर्षाबेन, एक तारखेपासून पूर्ण भाग फिरता आला नाही तर निम्मा दुसरीला द्यावा लागेल."

निम्मा भाग म्हणजे निम्मी बाळं. त्यातल्या कितींना मी आईच्या पोटात असल्यापासून ओळखते. ती मी कुणाला देणार नव्हते.

म्हणून वेसू भागातल्या एका बाईंकडून गॅलरीत धूळ खात पडलेली फोल्डिंगची सायकल आणली. चाकं लहान, मधून दुमडते. दुमडली की रिक्षात मावते आणि डाव्या हातानं दोन मजले वर नेता येते. माझ्यासाठीच बनवल्यासारखी होती, एक गोष्ट सोडून. हँडल फार खाली होतं. चालवताना पुढे वाकावं लागे, सगळा भार तळहातांवर येई आणि दुसरी गल्ली संपेपर्यंत मनगटातून कळा निघत.

आबांनी ती एकदा वरून, एकदा खालून पाहिली. "हाई उंच व्हई जाई," एवढंच आपल्या अहिराणीत म्हणाले.

उधन्याला त्यांच्या ओळखीच्या विठ्ठलभाऊंचं लेथ मशीन आहे. तिथं बसून आबांनी हँडलच्या दांड्यात नळी जोडून घेतली. हँडल चांगलं पाच इंच वर आलं. ब्रेकच्या तारा अपुऱ्या पडल्या, त्याही लांब घातल्या. मी बसून पाहिलं. पाठ ताठ, मनगटावर कणभरही भार नाही. गल्लीच्या टोकापर्यंत मी खुशीत गेले आणि वळताना घाबरले. हँडलला नुसतं बोट लागलं तरी सायकल भलतीकडे जायची. पुढचं चाक जमिनीला टेकलंय की नाही, हेच कळेना.

"काय करस ती?" आबांनी विचारलं.

"हालते, आबा. पुढचं सगळं हालतं."

इथं घोडं अडलं. लूमवर जे हालतं ते आवळायचं, हा एक्केचाळीस वर्षांचा शिरस्ता. नट सैल राहिला की कापड बिघडतं, शेठ ओरडतो. आबांनी पाना घेतला आणि हँडलच्या खालचा, ज्याच्या आत छर्रे फिरतात तो मोठा नट करकचून आवळला. हँडल आता जड वळू लागलं. गल्लीत चालवून पाहिलं तर सायकल गप्प झाल्यासारखी वाटली. आबा समाधानानं हात पुसत वर गेले.

दुसऱ्या दिवशी पर्वत पाटियाच्या गर्दीत मी आपटले. सायकल जराशी डावीकडे कलली, सावरायला गेले तर हँडल वळेना, जोर लावला तर एकदम नको इतकं वळलं. समोर साड्यांच्या गठड्यांनी भरलेली हातगाडी होती, तिच्यावरच जाऊन पडले. लागलं काहीच नाही. गाडीवाला म्हणाला, "बेन, साडी लेनी है तो दुकान में आओ." आजूबाजूचे हसले. माझं तोंड लाल झालं. एक तारखेला चार दिवस उरले होते.

मी तोंडाची तिखट आहे. घरी आले तेव्हा आबा जेवायला बसले होते. मी म्हणाले, "तुम्हाला सायकल चालवता येत नाही, मग हात कशाला लावला? लूम आहे का ती?" त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडून म्हणाले, त्यामुळे सगळ्या चाळीनं ऐकलं. आबांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुतला. माझी आई, उषाबाई, माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला तिथं उभं राहवेना. वाईट वाटत होतं, पण तसं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

सकाळी खाली उतरले तर आबा सायकल उलगडून उभे.

"चाल," म्हणाले. "मी संगे पयस."

मला वाटलं, बरोबर धावतो म्हणतायत ती चेष्टाच. त्यांनी एक तळहात हँडलच्या दांड्यावर ठेवला. मी हळूहळू पेडल मारू लागले आणि सदुसष्ट वर्षांचा माझा बाप, पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर करून, माझ्या सायकलीबरोबर धावू लागला. बायका नळावरून पाहत होत्या. मला लाज वाटत होती आणि दुसरंही काहीतरी वाटत होतं, ते सांगता येणार नाही. तीन फेऱ्या झाल्यावर आबा थांबले, धापा टाकत भिंतीला टेकले आणि डोळे मिटून उभे राहिले. हात अजून दांड्यावरच.

"चूक मनी शे," त्यांनी कबूल केलं.

त्यांच्या हाताला कळलं होतं की सायकल सरळ जाते तेव्हासुद्धा हँडल सरळ नसतं. ते सारखं कणकण इकडे, कणकण तिकडे वळत असतं आणि त्यावरच माणूस तोल धरतो. मी रोज चालवत होते, पण मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तो वळवळीचा जीवच आवळून टाकला होता. लगेच पाना काढून नट सैल केला. सायकल पुन्हा भिरभिरायला लागली. तेव्हा त्यांनी धावता धावता दांड्यावरचा हात खाली सरकवला आणि पुढच्या चाकाच्या वर जोरात दाबून धरला. सायकल गाईसारखी निमूट सरळ चालली.

"तुना हातले वजन नको," आबा म्हणाले. "पन चाकले पाहिजे."

एवढंच होतं ते. हँडल उंच झालं, मी ताठ बसले आणि माझा सगळा भार मागे गेला. जे वजन माझ्या मनगटाला सोसत नव्हतं त्याच वजनावर पुढचं चाक जमिनीला धरून होतं. आता ते दुसरीकडून आणायचं होतं. माझ्याकडे बाळांचा वजनकाटा आणि रजिस्टरांची जड पिशवी होतीच, मी ती मागच्या कॅरिअरला बांधायचे. आई म्हणाली, मग हँडलला अडकव की. अडकवली, तर प्रत्येक वळणावर पिशवी झोका घ्यायची आणि चाकाला आपल्याबरोबर ओढायची. आबांनी मान हलवली. पिशवी हँडलबरोबर वळता कामा नये. पुन्हा विठ्ठलभाऊंकडे जाऊन त्यांनी लोखंडी पट्टीची चौकट केली आणि ती सायकलीच्या सांगाड्याला, अगदी पुढे, हँडलच्या खाली आणि चाकाच्या वर बसवली. हँडल वळतं, पिशवी जागची हलत नाही. वर एका जुन्या मोठ्या सायकलीचं रुंद हँडल चढवलं. हँडल रुंद असलं की हात बराच हलला तरी चाक थोडंच वळतं. हाताचा झटका चाकाला बसत नाही. एक तोटा झाला, सायकल आता पूर्वीसारखी चपटी दुमडत नाही. रिक्षावाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक तारखेला मनीषा मॅडम त्यांच्या मोपेडवरून माझ्या मागोमाग आल्या. पर्वत पाटियाच्या चौकात टेम्पो, हातगाड्या, रिक्षा, सगळं एकदम अंगावर आलं. मला डावीकडे वळायचं होतं. मी डावा हात बाहेर काढला, म्हणजे हँडलवर उरलं ते फक्त माझं वाकडं मनगट. चाक भलतीकडे गेलं नाही. मी वळले, कडेला थांबले आणि पाहते तर चहाच्या गाडीजवळ आबा उभे. बिडी घ्यायला आलो, म्हणाले. लिंबायतला बिडी मिळत नसावी.

संध्याकाळपर्यंत पूर्ण भाग फिरून झाला, एकही घर सुटलं नाही. परत येताना चौकात पाहिलं तर आबा तिथंच होते. मॅडम म्हणाल्या, "भाग तुमच्याकडेच राहील, वर्षाबेन." मग वाकून त्यांनी ती नळी पाहिली, ती चौकट पाहिली, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या कारागिराकडून करून घेतलं?"

"हे माझे आबा," मी म्हणाले. "यांनी केलं. यांना सायकल चालवता येत नाही."

आबांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ते ओरडून सांगितलं. सगळ्या चौकानं ऐकलं.