तेवीस किलोवाले काका

वर्धा जिल्ह्यातून ज्याला कोणाला परदेशात शिकायला नाहीतर राहायला जायचंय, त्याने पासपोर्ट एकवेळ विसरावा, पण आमच्या मागच्या गल्लीतल्या काकांना भेटल्याशिवाय जाऊ नये. काका स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. विमान त्यांनी पाहिलंय, पण खालून. तरी कॅनडा म्हणा, आयर्लंड म्हणा, आमच्या जाम गावाच्या आसपासची पोरं निघायच्या आधी भरलेली बॅग घेऊन त्यांच्याच ओसरीवर येतात.

कारण काकांचा हात. त्यांनी सगळं आयुष्य एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर काढलं. गाठोडं नुसतं उचलायचे आणि वजन सांगायचे, मग काटाही तेच दाखवायचा. रिटायर झाल्यावर हात रिकामा पडला. तेवढ्यात गल्लीतल्या एका मास्तरांच्या पोराची बॅग विमानतळावर तेवीस किलोच्या मर्यादेपेक्षा जास्त भरली, आईसमोरच उघडावी लागली आणि लोणच्याची बरणी परत घरी आली. त्या माउलीने ती बरणी वर्षभर उघडली नाही म्हणे. काकांना ते इतकं लागलं की तेव्हापासून त्यांनी एकही बॅग उचलल्याशिवाय जाऊ दिलेली नाही. डोळे मिटतात, बॅग गुडघ्यापर्यंत उचलतात, थांबतात आणि सांगतात, "बावीस आठशे. तेवीसले दोनशे कमी. एक टॉवेल बसते अजून."

बॅगेसोबत सल्लेही मिळतात, न मागता. "पहिले आठ दिवस कोनाले काही सांगू नाई, निरा पाहत राहू." "रडाचं असंल तं आमच्या सकाळी फोन करजो. संध्याकाळी रडली तं मायले रातभर झोप नाई." ओसरीच्या भिंतीवर त्यांनी खडूने गेलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय आणि पुढे तिकडचं घड्याळ किती तास मागे ते. तिकडे हिवाळ्यात घड्याळ अजून एक तास मागे करतात, असं मी सांगितलं तर म्हणाले, "काऊन? सूर्याले विचारलं का त्यायनं?" भिंत काही बदलली नाही. आणि सगळ्यात आवडता सल्ला, जो ऐकून आम्ही पोरं हसायचो, तो हा: "मायनं भरलेली बॅग मायसमोर खोलू नाई."

मग माझी पाळी आली. मी जर्मनीला निघाले. आई जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही, फक्त पंधरा दिवस पावसाची उघडीप पाहून गच्चीवर मुंगवड्या वाळवत राहिली. शेवटी मुंगवड्यांचा आणि तिखटाचा असा मोठा डबा तिने स्वतः बॅगेत दाबून बसवला. बॅग जड झाली होती, मला कळत होतं. तो डबा काढावा लागला असता तर आईने तो मुकाट्याने उचलून आत नेला असता, आणि मग माझा पाय घरातून निघालाच नसता.

काकांनी डोळे मिटले, बॅग उचलली. या वेळी जरा जास्तच थांबले. आई डब्याच्या जागेकडे बघत उभी होती.

"बावीस," काका म्हणाले. "जाऊ दे बिनधास्त."

नागपूरला काउंटरवर बॅग भरली चोवीस सहाशे. आई-बाबा काचेच्या बाहेर. मी बॅगेचं तोंड तिकडून फिरवलं, दोन स्वेटर आणि जाडं जाकीट काढलं आणि तिथेच सप्टेंबरच्या उकाड्यात एकावर एक अंगात चढवलं. घामाने निथळत वळून हात हलवला, तर आई काचेबाहेरून किती खूश. पोरीने तिचं ऐकून स्वेटर घातला एकदाचा.

इथे पोचल्यावर मी काकांना फोन केला, त्यांच्या सकाळी.

"काका, माझी बॅग चोवीस सहाशे भरली ना."

तिकडे काकांनी ओसरीवरची कोंबडी हाकलली.

"हात म्हतारा झाला पोरी आता."

"पण त्याच दिवशी तुम्ही कॅनडाला निघालेल्या त्या दादाची बॅग उचलली, ती तर बरोबर निघाली."

"त्याची माय नोती सोबत," काका म्हणाले. मग आवाज बारीक करून, "डबा पोचला ना?"

"पोचला."

"मंग तुह्या मायले नोको सांगजो."

सांगितलं नाही. डब्यात तळाशी अजून मूठभर मुंगवड्या उरल्यात, आणि त्या काही माझ्याने शिजवल्या जात नाहीत.