आल्प्सच्या बर्फात एकदाच विचारतात

जायचं मी ठरवलं होतं, हे आधीच लिहून ठेवते. कारण आता कळंबमध्ये कुणाच्या तोंडून ऐकाल तर वाटेल, आमच्या ह्यांनीच मला ओढून नेलं.

आमचा मुलगा अमोल आठ वर्षांपासून जर्मनीत, म्युनिकला नोकरी करतो. सून स्नेहल लातूरची, तीही तिथंच कामाला. दर फेब्रुवारीला दोघं आल्प्सच्या डोंगरात स्कीइंगला जातात आणि फोटो पाठवतात. पायाला दोन लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या, मागं पांढराशुभ्र उतार. दुपारची भांडी आवरली की मी ते फोटो बोटानं मोठे करून बघत बसायची. बघता बघता मनात भरलं, की एकदा आपणही असं करायचं. कुणाला बोलले नाही. मॅट्रिक झालेली, अठ्ठावन्न वर्षांची बाई असं बोलली तर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. बोलले एवढंच, की पोराकडं जाऊन येऊ.

हे एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. म्हणाले, "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला? फ्रीज उघड की."

वर्षभर मागं लागून मी त्यांचा पासपोर्ट काढायला लावला. विमानाची तिकिटं मुलानं काढली. व्हिसाचे माणशी नव्वद युरो आणि वर एजंटाचे पैसे मी माझ्या भिशीतून भरले, म्हणजे कुणाला 'नको, खर्च कशाला' म्हणायची सोय राहिली नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी व्हिसाचं काम तीन महिने आधी सुरू करा. निघायच्या आधी तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरली, सोनारीला ह्यांच्या कुलदैवताला, काळभैरवाला नारळ दिला. सामानात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि कुंकवाची डबी. धाराशिवहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमान. विमानात खिडकीची जागा माझी होती. हे म्हणाले, "मला बाहीर बघू दे जरा," आणि मी उठून दिली. आता वाटतं, सुरुवात तिथंच झाली.

म्युनिकला पहिल्या रविवारी अमोलनं शहराबाहेरच्या एका टेकडीवर नेलं. आपल्याकडची बालाघाटची टेकडी असते ना, तेवढीच, पण बर्फानं झाकलेली. शहरातली माणसं सुट्टीला डबा घेऊन तिथं येतात. गाडी लावायला पाच युरो, बाकी फुकट. पोरं लाकडी घसरगाड्या ओढत होती. एक दोरीची लिफ्ट होती, ती धरून वर जायचं आणि पट्ट्यांवरून खाली यायचं.

आमच्या शेजारच्या गाडीतून एक बाई उतरल्या. सत्तरीच्या तरी असतील. डिकीवर बसून त्यांनी स्वतःचे बूट चढवले, खटके लावले, पट्ट्या खांद्यावर टाकल्या आणि चालू लागल्या. बरोबर कुणी नाही, कुणाला सांगणं नाही. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सोन्याचा दागिना बघून मला कधी कुणाचा हेवा वाटलेला नाही, हे देवीपुढं सांगू शकते. त्या बाईंचा वाटला.

त्याच रात्री जेवताना अमोल मोबाईल घेऊन बसला. पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात चार दिवस जायचं होतं. म्हणाला, "अण्णा, आई, तिथं नवशिक्यांची शाळा असते. तीन दिवसांची. तुमचं दोघांचं नाव घालू का?"

मनातून मला तेच हवं होतं. तोंडातून काय निघालं? "अगं बाई, मला कशाला या वयात. नको."

"बरं," अमोल म्हणाला. "अण्णा?"

हे पोळी मोडत राहिले. अमोलनं त्यांचं नाव घातलं.

मी वाट बघत राहिले. आपल्याकडं पहिलं नको म्हणजे नको नसतं, हे कुणी शिकवावं लागत नाही. पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा ताट पुढं करतो. अमोल परत विचारेल, 'अगं आई, चल की, काय होतंय' म्हणेल, मग मी म्हणेन, 'बघ बाबा, तू म्हणतोस तर.' त्यानं मोबाईल बाजूला ठेवला आणि भाताला हात घातला. विषय संपला.

म्युनिकहून ते खेडं गाडीनं अडीच तासांवर. सीमा कधी ओलांडली कळतसुद्धा नाही, फक्त हायवेसाठी काचेवर लावायची चिठ्ठी आधी घ्यावी लागते, नाहीतर दंड जबर. लाकडी घरांच्या गॅलऱ्या, मधोमध चर्च, आणि चहूबाजूंनी डोंगर इतके उंच, की आभाळ बघायला मान मागं टाकावी लागते. गॅसची सोय असलेली खोली घेतली होती, म्हणून जेवणाचा खर्च वाचला. तिथं हॉटेलात साधं सूप आठ युरो आणि त्यातही मटण-बिटण आहे का ते विचारून घ्यावं लागतं. डाळ-तांदूळ बरोबर न्या.

पहिला दिवस सोमवार. ह्यांना दुकानात बूट दिले. प्लॅस्टिकचे, पितळेच्या गंजासारखे टणक. मला वाटलं, दहा मिनिटांत कंटाळून परत येतील. मी शाळेच्या कुंपणापाशी बाकावर बसले, मांडीवर ह्यांची चप्पल-मफलरची पिशवी.

शिकवणारे लाल जाकीटवाले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. ते जर्मनमध्ये बोलत, हे मराठीत, आणि दोघांचं छान चाललं होतं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा लांब करायच्या, गुडघे वाकवायचे, म्हणजे वेग आटोक्यात राहतो. बाकीची शहरातली तरणी माणसं धपाधप पडत होती. हे हळूहळू सरकत खाली आले आणि बरोबर माझ्यासमोर येऊन थांबले.

"लई सोपंय," म्हणाले. "घाटात गाडी उतरवल्यावानी. पैल्या गिअरवर यायचं, ब्रेकवर उभं ऱ्हायचं न्हाय."

तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याआधी पोरवयात सोनारीकडं मेंढरांमागं उतार पळालेला. त्या मिशीवाल्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. स्नेहल म्हणाली, "अण्णा, तुम्ही तर कमालच केली." अमोलनं फोटो काढला आणि तिथूनच आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पन्नास अंगठे आले.

मी म्हणाले, "छान." आणि मफलरची घडी घातली.

मंगळवारी माझा उपास. स्नेहल आणि अमोल वरच्या उतारांवर गेले, हे शाळेत, मी बाकावर. उबदार खानावळीत बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं, घरचं उघडता येत नाही. म्हणून बाहेर बसून राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. तो थंडीनं इतका कडक झालेला, की दाढेनं फोडावा लागला. समोर हे. त्यांना आता लिफ्टच्या खुर्चीतून वर नेत होते. पाय लोंबकळत वर चाललेत, खाली वळून मला हात करतायत.

लग्नाला सदतीस वर्षं झाली. ह्या माणसाला मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. ड्यूटीवरून आले की जेवायचे आणि झोपायचे. आणि आता हसतायत तर माझ्या हौशीवर, माझ्या भिशीच्या व्हिसावर, आणि मी पिशवी धरून.

खोटं लिहून उपयोग नाही. त्या बाकावर बसून मी देवीकडं मागितलं, की ह्यांना एकदा तरी पाड. लागू देऊ नको, पण पाड.

देवीनं ऐकलं. हे पाच वेळा पडले. पाचही वेळा बर्फात बसून पोट धरून हसले, आणि लोकांनी त्यांना हात देऊन उठवलं. माझं मागणंही त्यांच्याच पथ्यावर पडलं.

संध्याकाळी गुडघ्याला तेल लावून घेताना म्हणाले, "उद्या वरनं खाली आणणार हायती, निळ्या पाटीच्या सोप्या रस्त्यानं. तू खालनंच बघ, मस्त दिसतंय."

मी तेलाची वाटी ठेवून दिली.

बुधवारी सकाळी पूजा केली. शेवटचा दिवस, गुरुवारी परतायचं होतं. अमोल चहा पीत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मलाही करायचंय."

"काय?"

"ते. घसरायचं."

"अगं, मी विचारलं तेव्हा तू नको म्हणालीस ना?"

"म्हणाले. तू परत कुठं विचारलंस?"

 स्नेहल कप खाली ठेवून हसायला लागली. "आई, मी इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंकडं जेवायला गेले. दुसऱ्यांदा वाढायला आल्या, मी लाजून नको म्हणाले. त्या भांडं उचलून गेल्या. घरी येऊन मॅगी करून खाल्ली. इथं एकदाच विचारतात."

"मग हा पण इथलाच झाला," मी म्हणाले.

अमोलचा चेहरा पडला. शाळेचे तीन दिवस संपत आले होते, आता एका दिवसासाठी कुणी घेणार नव्हतं. वेगळा शिक्षक तासाला ऐंशी युरो मागत होता. त्याला मी नको म्हणाले आणि ह्या वेळी ते खरंच नको होतं, हेही स्पष्ट सांगितलं. स्नेहल म्हणाली, "मी शिकवते."

तिची जादा पँट मला चढली, पण बटण लागेना. बांगडीतल्या दोन सेफ्टी पिना लावून भागवलं. बूट आणि पट्ट्या अर्ध्या दिवसाचे अठरा युरो. बुटात पाय घातला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. जोडवी. त्या टणक बुटात जोडवी बोटात रुतत होती. लग्नात घातल्यापासून बदलताना सोडून पायातून काढलेली नव्हती. दुकानातली मुलगी वाट बघत उभी. मी बाकावर बसून मनात देवीला सांगितलं, एका सकाळचं काम आहे, ह्यांना सांभाळ. जोडवी काढली, रुमालात बांधली आणि तो रुमाल मंगळसूत्राला बांधला. आपल्यातल्या बायकांनी ही अडचण आधीच लक्षात घ्या. कुणी सांगत नाही.

जागा म्हणजे लहान मुलांचा उतार. आपल्या शाळेच्या मैदानाला ढाळ असावा तेवढाच. वर न्यायला जमिनीवर सरकता पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं. माझ्या पुढं चार वर्षांची पोर, मागं पाच वर्षांचं पोर, मधे मी.

"आई, समोर बघा. पायाकडं नाही," स्नेहल माझ्या पुढं उलटी घसरत होती.

पहिल्यांदा तिच्या अंगावर जाऊन आदळले. दुसऱ्यांदा बाजूला कलंडले, कंबर सणकली, आणि मागचं पोर मला वळसा घालून निघून गेलं. तिसऱ्यांदा टोकं जवळ आणली, टाचा लांब केल्या, आणि सरकले. पट्ट्यांखाली बर्फाचा खरखर आवाज येत होता, तोंडाला गार वारा लागत होता, आणि मी जात होते. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. उतार संपला तशी आपोआप थांबले. वीस पावलं असतील. मी स्नेहलला म्हणाले, "परत."

आणखी दोनदा तशीच आले. मग म्हणाले, "फोटो काढ." तिनं मोबाईल काढला तर थंडीनं बंद पडलेला. माझा खोलीवर. अमोल वरती, ह्यांना निळ्या रस्त्यावरून येताना टिपायला. तासाभरानं ते खाली आले तेव्हा माझे बूट परत करून झाले होते, जोडवी पायात होती.

म्हणून माझा फोटो नाही.

कळंबला येऊन आता पंधरा दिवस झाले. सगळा खर्च वहीत उतरवून झाला. दोघांचा मिळून विमान सोडून एक लाख दहा हजारांत बसला, मुलाकडं राहणं होतं म्हणून. मुलाचं घर नसेल तर दुप्पट धरा. परवा डेपोतले ह्यांचे दोन जुने सोबती चहाला आले. मोबाईल ह्या हातातून त्या हातात.

"वैनी, तुम्ही काय केलं तितं? देखरेख?" एकानं विचारलं.

हे म्हणाले, "व्हय, तिनं समदं सामान सांभाळलं."

मी चहा घेऊन आले होते. म्हणाले, "मी पण घसरले. तीनदा सरळ खाली आले."

दोघांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मी वर हुतो. मला काय दिसलं न्हाय." खोटं नव्हतं ते. पण ते दोघं हसले आणि परत फोटोकडं वळले.

पाहुणे गेल्यावर मी कप आपटत गोळा केले, तेव्हा ह्यांच्या ध्यानात आलं असावं. उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "पुढच्या बारीला गेलो तर शाळंत तू जा. मी खाली बसतो पिशवी धरून. फोटू बी काढतो."

हे दारात तसेच उभे होते. मी काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. नको, तुम्हीच जा, मला कशाला या वयात.

मी म्हणाले, "बरं."

त्यांचं तोंड जरा उतरलं. बाकावर बसायचं म्हणजे काय, ते त्यांना तेवढ्यात दिसलं असणार. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मी कप विसळायला घेतले.