प्रॉडक्टिव्ह माणूस

“झोपसुद्धा प्रॉडक्टिव्ह असली पाहिजे,” असं तो एकदा म्हणाला आणि कारखान्यातल्या आपल्या काचेच्या खोलीत दुपारभर घोरत पडला.

हा शब्द त्यानं कुठल्याशा शिबिरातून आणला होता. माणसं परगावाहून येताना खाऊ आणतात. यानं शब्द आणला, तोही इतरांच्या माथी मारायला. वडील गेल्यावर पुस्तकं बांधण्याचा कारखाना दोघा भावंडांकडे आला. ताईच्या वाट्याला सरस, सुया, दोरा आणि कारागीर आले. याच्या वाट्याला काचेची खोली आली, आणि ती त्यानं मनापासून सांभाळली. कारागीर त्याला तोंडावर साहेब म्हणत, पाठीमागे कॅलेंडर. नुसतं टांगलेलं.

शब्दाचा त्याचा वापर ताईला तोंडपाठ झाला होता. तो फोनवर तासभर हसला की मीटिंग प्रॉडक्टिव्ह. टेबलावरचे कागद डावीकडून उजवीकडे गेले की सकाळ प्रॉडक्टिव्ह. शिवणकाम करणाऱ्या काकू कंबर मोडली म्हणून जरा उभ्या राहिल्या, की अनप्रॉडक्टिव्ह. स्वतःला लावला की तो शब्द पदक होई, दुसऱ्याला लावला की काठी.

“पण साहेब, मराठीत काय म्हणायचं हो त्याला?” सगळ्यांत जुने कारागीर असलेल्या मामांनी एकदा विचारलं.

“मराठीत शब्दच नाही, मामा. म्हणून तर आपण मागे.”

“मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो?”

“टाइमपास.”

काकू फिसकन हसल्या. ताई हसली नाही. तिला भावाचा राग येत नसे. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

अशात एका मोठ्या ग्रंथालयानं नमुन्यादाखल जुन्या ग्रंथांचा गठ्ठा बांधायला दिला. पसंत पडला तर सगळे ग्रंथ इथेच येणार होते. नाही पडला तर कारखान्याला टाळं, हे ताईला ठाऊक होतं.

या धंद्यात एक वेळ अशी येते की काहीच करायचं नसतं. पुस्तकांच्या पाठीला सरस लावून ती लोखंडी दाबाखाली ठेवली, की दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. कारागीर पाय पसरून बसतात. लांबून बघणाऱ्याला तो आळस वाटतो. सरस सुकून पुस्तक धरतं ते मात्र तेव्हाच.

सकाळी गठ्ठा दाबाखाली ठेवून ताई मामांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मागे काकू एकट्याच बसल्या होत्या. साहेबांनी दार किलकिलं केलं आणि फोनवरची नजर न काढता ते ओरडले, “मामा! बसून काय राहिलात? दाब सोडा, दुसरा गठ्ठा चढवा!”

“अहो, ओलं आहे अजून,” काकू म्हणाल्या. दार केव्हाच लागलं होतं. पुन्हा ओरडा नको म्हणून त्यांनी दाब सोडला.

एवढ्यावर थांबला असता तर तो कसला प्रॉडक्टिव्ह! काम वेळेआधी झालं, असं सांगून त्यानं ग्रंथपालांनाच बोलावून घेतलं.

ताई परतली. डोळ्यांत औषध घातलेले मामा बाहेरच्या बाकावर टेकले. ती दारात आली तेव्हा ग्रंथपालांच्या एका हातात पुठ्ठा होता, दुसऱ्यात सुटी पानं.

“आमच्या मामांनी घाई केली,” भाऊ सांगत होता. “वय झालंय. सकाळी ऐकेचनात. आजच काढून टाकतो त्यांना.”

“मामा सकाळपासून माझ्याबरोबर दवाखान्यात आहेत,” ताई म्हणाली.

“दाब मी सोडला,” काकू खाली मान घालून म्हणाल्या. “साहेब ओरडले म्हणून.”

ग्रंथपालांनी पानं टेबलावर ठेवली. “सकाळपासून तुम्ही इथेच होता ना? माणूस जागेवर आहे की नाही, हेही दिसलं नाही?”

भावाच्या कपाळावर घाम आला. कामानं आलेला असता तर ताईला नवल वाटलं असतं.

“ही पुस्तकं पुन्हा बांधून द्या, मग बाकीच्यांचं बघू,” ग्रंथपाल ताईकडे वळले. “पण हे काम बघणार कोण? तुम्ही, की हे?”

“मी,” ताई म्हणाली. “आणि मामा. साहेबांना उद्यापासून इथे यायची गरज नाही.”

भावानं फोन खिशात टाकला, आणि बाकावर डोळे मिटून बसलेल्या मामांच्या पायांना वळसा घालून तो निघून गेला.