गरम पाण्यावरची सूट

आमच्या टॅक्सच्या ऑफिसात फायलींना कपाट आहे, किश्श्यांना नाही. ते आपले टेबलावर, जिन्यात, चहाच्या टपरीवर सांडलेले असतात. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे हे. नाव नाही सांगणार, कारण नगर परिषदेच्या दारात मला उद्याही उभं राहायचंय! साहेब टॅक्सचे वकील, मी त्यांची असिस्टंट. बारा वर्षं झाली, येईल त्याला एकच सांगतेय की घरच्या एसी-कूलरवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळत नाही. ऐकतंय कोण!

* * *

एक रिटायर्ड गुरुजी एसीचं बिल घेऊन आले.

"हे मेडिकलमध्ये टाका."

"गुरुजी, एसी मेडिकलमध्ये कसा बसेल?"

"काऊन नाई बसत? आपल्या इकडचा मे महिना म्हंजे आजारच व्हय! त्या कायदा लेहनाऱ्याले म्हना, एक दुपार माह्या स्लॅबखाली झोपून पाह्य."

मी नाही टाकलं. गुरुजी रागावून गेले, पण बिल ठेवून गेले. म्हणाले, "त्याईले अक्कल आली तर कामी येइन."

* * *

आणि मग एक खरीखुरी सूट निघाली. नगर परिषदेनं बोर्डावर नोटीस लावली की घरावर सोलर वॉटर हीटर बसवा, घरटॅक्समध्ये सूट घ्या.

ती नोटीस सगळ्यात आधी वाचली वनमालामावशीनं. मावशी गावाबाहेरच्या वावरात भाजी लावते आणि बाजारात स्वतः विकते. हिवाळ्यात पहाटे मेथी-पालक धुऊन तिचे हात बधिर होतात. म्हणून तिनं सोलर बसवला. दोन खोल्यांचं घर तिच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि हे ती ओळख करून देतानाच सांगते. नवरा म्हणाला होता, "नगर परिषद कोनाले काई देते का? येडी झाली काय?" गल्ली हसली होती.

मावशी अर्ज घेऊन माझ्यासमोर बसली. "पोरी, रक्कम लहान हाये, मले मालूम हाये. पन त्याईनं लेहून देल्लं ना? मंग मले पाहिजे म्हंजे पाहिजे! गल्लीत सांगून बसली मी, घेऊन दाखवीन म्हनून."

मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, 'प्रत्यक्ष वापर पाहिला: होय / नाही'. तो नगर परिषदेच्या इन्स्पेक्टरनं घरी येऊन भरायचा. त्याच रकान्यानं आमचा जीव काढला.

* * *

इन्स्पेक्टर आले मे महिन्यात, दुपारी दोन वाजता! डोक्याला दुपट्टा, हातात पेन. मावशीनं सोलरचा नळ सोडला. त्यांनी बोट घातलं आणि "आई गं!" म्हणून काढलं. मावशी खूश.

मग त्यांनी शेजारचा साधा नळ सोडला. वरच्या काळ्या टाकीतलं पाणी. त्यात बोट घातलं आणि परत "आई गं!"

"बाई, दोन्ही सारखेच गरम! यात तुमच्या सोलरचं काय कौतुक?"

"मंग सूर्यालेच टॅक्स लावा ना!" मावशी म्हणाली.

इन्स्पेक्टरसाहेबांना ते लागलं. 'नाही'वर खूण करून गेले.

* * *

त्याच मे महिन्यात आमच्या ऑफिसात माझा संप झाला. आमचा पत्र्याचा कूलर म्हणजे नुसता आवाज. ऑफिसच्या एसीवर घसारा मिळतो, दरवर्षी थोडी थोडी किंमत खर्चात टाकता येते, हे आमचे साहेब जगाला शिकवतात. स्वतः मात्र कूलरला पाणी मारत बसतात! मी तीनदा बोलले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

मावशी तेव्हा ऑफिसातच बसली होती. "तू काऊन चूप बसतं वं? माह्यं भांडन लढतं अन् सोताचं नाई?"

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उचलला आणि समोरच्या टपरीवर, कडुनिंबाखाली बसले. क्लायंट तिकडेच यायला लागले. चहावाला खूश, साहेब एकटे. तिसऱ्या दिवशी एसी आला.

आता पंचाईत अशी की लोक दोन वाजता "एकच डाऊट हाये" म्हणून येतात आणि पाच वाजता उठतात.

* * *

एका कापडवाल्या शेठनी घसाऱ्याचं ऐकलं आणि बिल आणलं दुकानाच्या नावाचं. एसी बसवला होता घरच्या बेडरूममध्ये.

साहेबांनी विचारलं, "बेडरूममध्ये कोन्ता धंदा चालते?"

"साहेब, दुकानाचा समदा विचार मी थंडाव्यातच करतो."

शेठाणी सोबत होत्या. "घोरत घोरत?"

साहेबांनी फाईल बंद केली. "शेठ, घोरन्यावर घसारा नाई!"

मावशी एसीच्या गारव्याला बसली होती. जाता जाता शेठ तिला म्हणाले, "बाई, त्या इन्स्पेक्टरले चायपान्याचं पाहून घ्या, होऊन जाईन."

"पाजते ना चाय! घरी आले का पाजते. पन सहीसाठी नाई!"

शेठनी पुढे दुसरा वकील धरला. गेले तर गेले!

* * *

दुसरी तपासणी लागली आषाढात. चार दिवस झडी, सूर्याचा पत्ता नाही. नळाखाली बोट घातलं, पाणी थंडगार.

"बाई, हे बंद दिसते."

"साहेब, सोलर हाये हा! गॅस नोहे!"

परत 'नाही'. वर बजावून गेले की तिसऱ्यांदा नापास झालं तर अर्ज निकाली, पुन्हा करता येणार नाही. मला रडूच आलं, रागानं. मी नगर परिषदेतल्या वरच्या साहेबाला अर्ज ठोकला की तिसरी तपासणी जानेवारीत ठेवा, सकाळी सात वाजता. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला.

* * *

जानेवारीतली सकाळ. इन्स्पेक्टर माकडटोपी, मफलर, स्वेटर घालून कुडकुडत आले. गल्ली दारात उभी. मावशीचा नवरासुद्धा.

सोलरचा नळ सोडला, वाफा निघाल्या. साधा नळ सोडला, बर्फ! इन्स्पेक्टरनं कागद पाहिला, मान हलवली.

"गरम आहे, मान्य. पण प्रत्यक्ष वापर कुठं पाहिला मी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी आत गेली. कोरा टॉवेल आणि नवी साबणवडी घेऊन आली.

"मंग करा ना वापर! न्हानी मोकळी हाये."

ते नाही नाही म्हणाले. पण थंडी अशी होती आणि वाफ अशी होती, की दोन मिनिटांत न्हाणीचं दार आतून लागलं. पाण्याचा आवाज आला. मग गुणगुणणं आलं. गल्ली कान देऊन.

मावशीनं अंदाज घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या पाइपाचा कॉक शांतपणे बंद केला.

"बाई! ओ बाई! पाणी गेलं! डोळ्यात साबण आहे माझ्या!"

"गेलं नाई साहेब. म्याच बंद केलं. वापर करून राह्यले ना तुमी?"

"हो हो! करतोय!"

"प्रत्यक्ष?"

"प्रत्यक्ष, बाई, प्रत्यक्ष!"

"मंग तसं लेहा."

दार चार बोटं उघडलं. फेसानं भरलेला एक हात बाहेर आला. मी त्यात पेन दिला, कागद फाईलवर धरला आणि 'होय' कुठे आहे ते बोट धरून दाखवलं.

मावशीनं खूण पाहिली, सही पाहिली, सहीखालची तारीखसुद्धा पाहिली. मग कॉक उघडला.