न लागणारा पिवळा दिवा

काशीनाथभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. खालापूरच्या नाक्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याला लागूनच भाऊंनी डिझेल गाड्यांचं गॅरेज नुकतंच टाकलं होतं. कडावच्या एका शेतकऱ्याच्या जीपचं वायरिंग मी करून दिलं आणि लगेच ती जीप चढाला मान टाकू लागली. भाऊ तरातरा माझ्या दुकानात आले आणि भरल्या गिऱ्हाइकांत म्हणाले, "वायरी जोडल्यात का दावी बांधल्यात?" मीही काही कमी तोंडाळ नाही. समोरच्या चहावाल्याचा त्या दिवशी आमच्या भांडणावर चांगला धंदा झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ परत आले, हातात कागदाची पुडी. पुडीत भाताचे दाणे. "एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कोठार केलंय," ते म्हणाले. "पेंढ्याला खेटून गाडी लावतात, मग काय व्हनार! इंजिनाला हवाच जाईना, तर ते वढील कुठून?" मग कालचीच दोन गिऱ्हाइकं बाकावर होती, त्यांना मुद्दाम हाक मारून म्हणाले, "ओ, काल मी यांच्या वायरिंगला नावं ठेवली. चूक माझी व्हती. वायरिंग चोख हाय." ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच शब्द मागे घ्यायचा, ही भाऊंची रीत मी तेव्हा पाहिली. आपल्या तालुक्यात ती फार रुजली नाही, हे पुढे ओघाने येईलच.

भाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात चार गोड शब्द लिहा, असा गौरव समितीचा निरोप आला. लिहिलेही असते. पण त्यासोबत मानपत्राचा मसुदा वाचायला आला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मानपत्रात भाऊंना पदवी दिली आहे : 'जुन्या डिझेल गाड्यांचे जादूगार'.

यात रागावण्यासारखं काय, असं पुष्कळांना वाटेल. म्हणूनच सविस्तर लिहितो.

नव्या गाड्यांचे दोष वाचणारा स्कॅनर आपल्या भागात सर्वांत आधी भाऊंनी आणला. पुण्याला जाऊन त्याचं रीतसर शिक्षण घेतलं. यंत्राचा त्यांना भारी अभिमान, कुणी नुसता हात लावला तरी ओरडतात. पण यंत्र म्हणतं तो पार्ट डोळे मिटून बदलायचा, हे त्यांना मान्य नाही. "हवेचा दाब कमी पडतोय एवढंच ते सांगतंय. का पडतोय ते आपुन बघायचं," असं म्हणत ते नळ्या चाचपत बसतात. दुरुस्ती झाली की मालकालाच गाडी चालवायला लावायची, आपण स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसायचं आणि खोपोलीच्या घाटाचा चढ घ्यायचा. चढावर गाडीने पूर्ण ताकद दिली तरच ती मालकाच्या ताब्यात. मालक कितीही घाईत असो, भाऊ ऐकत नाहीत.

आणखी एक सवय. गाडी आली की इंजिन सुरू न करता आधी नुसती चावी फिरवायची. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत, इंजिनाच्या खुणेचा पिवळा दिवासुद्धा. इंजिन चालू झालं की तो विझावा. "पेटून ऱ्हायला त्याची दुरुस्ती करता येते," भाऊ म्हणतात. "जो लागतच नाय, त्याला भ्या."

अशा माणसाला 'जुन्या गाड्यांचा' ही पदवी कुठून चिकटली? सांगतो. वापरलेल्या गाड्या विकणारे एक सद्गृहस्थ आपल्याकडे आहेत. नाव लिहिलं तर संपादक कापतील, म्हणून लिहीत नाही, पण समितीच्या बैठकीत मधली खुर्ची त्यांचीच असते. ते एका दुपारी पिवळा दिवा लागलेली नव्या बनावटीची गाडी घेऊन भाऊंकडे आले. "फक्त लाईट घालवा. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येतंय."

"घालवतो की," भाऊ म्हणाले. "आधी दोष घालवू द्या."

"एवढा वेळ नाय. जमत नसेल तर तसं सांगा."

"नाय जमत," भाऊ म्हणाले आणि हात पुसत आत गेले.

तेवढंच धरून या गृहस्थांनी कर्जतपासून खालापूरपर्यंत बोभाटा केला : काशीनाथला नव्या गाड्या जमत नाहीत, स्वतः कबूल केलंय, त्याच्याकडे जुन्याच न्या. आणि आपण काय केलं? माना डोलावल्या! पळसदरीच्या बंगलेवाल्यांनी यायचं थांबवलं. टेंपोवाले गॅरेजवरून हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले. हाताखालची माणसं काम नाही म्हणून निघून गेली. ज्यांनी भाऊंकडून उधारीवर गाड्या नीट करून नेल्या होत्या, त्यांनीही एका शब्दाने विचारलं नाही की बाबा, हे खरं का? ऐकीव गोष्टीची खातरजमा करायला आपल्याला कधी सवड नसते, आणि ती पुढच्याला सांगायला मात्र हातातलं काम टाकून आपण उभे राहतो.

याच दिवसांत कडावच्या सुमनवहिनी रडवेल्या होऊन गॅरेजवर आल्या. दुधाच्या धंद्यासाठी त्यांनी त्याच सद्गृहस्थांकडून गाडी घेतली होती. आजारी सासूबाईंना घेऊन घाट चढताना गाडीची ताकद एकाएकी गेली. मागे कंटेनर हॉर्न मारतोय, पुढे चढ, आणि गाडी माणसाच्या चालीने सरकतेय. "भाऊ, सासू मागं देवाचं नाव घेती नि मी पुढं," वहिनी सांगत होत्या. "लाईट एक लागला नाय वो! लागला असता तर घाटात घातली असती का म्हातारीला?"

भाऊंनी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, पिवळा सोडून. त्यांनी मला हाक मारली. डॅशबोर्डवरचा मीटर मी माझ्या हाताने खोलला. आतून त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी नीट कापून लावली होती. ती काढून इंजिन सुरू केलं, तर दिवा जळतच होता. किती दिवस त्या काळोखात जळत होता कोण जाणे. स्कॅनरने हवेचा दाब कमी असल्याचं सांगितलं आणि भाऊंनी शोधून काढला तो इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या पाईपला गेलेला तडा, एवढासा. वहिनींनी स्वतः गाडी चालवत पुन्हा तोच घाट चढून दाखवला, तेव्हा कुठे भाऊंनी त्यांना घरी सोडलं. नव्या गाड्या न जमणारा माणूस तो हाच!

वहिनींनी गावभर सांगितलं. थोडी गिऱ्हाइकं परतलीही. पण अफवा कुणी मागे घेतली नाही.

आता माझ्यापुरतं सांगतो. मध्यंतरी मला मोतीबिंदू झाला. लाल वायर कुठली नि तपकिरी कुठली, कळेना. वायरमनला रंग दिसत नाहीत हे बाहेर फुटलं की दुकानाला कुलूपच. भाऊंच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगून टाका." मी भडकलो, "माझं वाटोळं करायला निघालात का?" तर म्हणाले, "लपवू नका. सांगा, डोळ्याचं आपरेशन व्हायचंय, तवर रंग काशीनाथ सांगनार, जोडनी मी करनार." आणि खरोखर स्वतःचं काम टाकून ते रोज माझ्याजवळ बसून रंग सांगत राहिले. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. ऑपरेशनला मला घेऊन गेले तेही तेच. माझ्या धंद्याला बट्टा लागू नये म्हणून हा माणूस जपत होता, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावाला लागलेला बट्टा ताजा होता. हे आठवलं की मला आजही आपणा सगळ्यांचा राग येतो.

आणि आता तीच अफवा सोनेरी अक्षरांत छापून, वर हार घालून, भाऊंच्याच हातात द्यायची? मी समितीला 'जुन्या' हा शब्द काढायला सांगितला. उत्तर आलं, "कौतुकच आहे ते, एवढं काय मनावर घेता?" तेव्हा मसुदा घेऊन तडक गॅरेजवर गेलो. म्हटलं, हे नाकारा. भाऊंनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि हसले.

"जुन्या ऱ्हाऊ द्या वो. त्या पन नीट केल्यात की मी. दुसरा शब्द काढायला सांगा."

"कुठला?"

"जादूगार. लागलेला दिवा गायब करायचा, ही जादू. ती मला नाय येत. ज्याला येते तो मधल्या खुर्चीवर बसतो."

हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा आपण मंडपात असाल. मानपत्रात काय छापलं असेल ते मला ठाऊक नाही. भाऊंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे हातपाय, कान आणि तो फटकळ स्वभाव शाबूत राहो, आणि घाटाचा चढ ते अजून पुष्कळ वर्षं आमच्या शेजारी बसून चढोत, ही माझी मनापासून प्रार्थना आहे. एक विनंती मात्र मंडळींना. थोड्या वेळाने शाल घालायला रांग लागेल. रांगेत उभं राहण्याआधी प्रत्येकाने बाहेर जाऊन आपल्या गाडीची नुसती चावी फिरवून बघावी. पिवळा दिवा लागला, तर खुशाल या आणि शाल घाला. नाही लागला, तर शाल खुर्चीवर ठेवा आणि उद्या सकाळी गाडी घेऊन या. भाऊ गॅरेजवरच असतील, आणि मीटर खोलायला शेजारी मी आहेच.