दादांची होडी आणि माझं तिसरं कोटेशन

बदलापूरला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या घरात माझे वडील सोडून सगळ्यांना माहीत होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चाळीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. रिटायर झाल्यावर माझ्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आले आणि रोज सकाळी गॅलरीत उभं राहून वाऱ्याची दिशा सांगू लागले. (वारा अंबरनाथच्या केमिकलवाल्यांकडून यायचा. त्याला दिशा कशाला, नाक पुरे!) अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "सुध्या, मी शिडाची होडी घेतोय. जुनीच. आत झोपता येईल अशी. हर्णैला आपल्या गावापर्यंत स्वतः चालवत नेणार. जन्मभर दुसऱ्याची जहाजं हाकली, आता एकदा आपली."

पैसे त्यांचे, हौस त्यांची. मी नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पण मी अंबरनाथच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर! खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग सही. पंधरा वर्षं हेच केल्यावर माणूस कोथिंबीरसुद्धा तीन ठिकाणी विचारून घेतो. (तोवर कोथिंबीर संपते. आमच्या सुलभाला विचारा.)

होड्या दोन सापडल्या. उरणला एका पारशी बावाजींची फायबरची: पांढरीशुभ्र, नवंकोरं शीड, केबिनमध्ये दोन बाकं, शेगडी, शिवाय संडास. दादांनी तिच्या पोटावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "आतून पाणी प्यायलीय ही." दुसरी रेवदंड्याला, धर्मा कोळ्याची, सागवानी. केबिन बुटकी, शिडाला चार ठिगळं. दादा धोतर खोचून तिच्याखाली उताणे झोपले, नखाने फळ्यांचे सांधे खरवडले आणि डोक्यात वाळू घेऊन बाहेर आले.

"हीच."

"हीच काय दादा? मार्क नको काढायला?"

"काढले की. दहा मिनिटांत."

मी टेप काढला. लांबी, रुंदी, डोलकाठी, शेगडी, रंग असे बावीस रकाने भरले. "संडास?" मी विचारलं. धर्माने हात लांब करून अख्खा समुद्र दाखवला. मी शून्य दिलं. बेरजेत फायबरवाली तीन मार्कांनी पुढे!

"संडासाला किती मार्क धरलेस?" दादांनी विचारलं.

"दहा."

"आणि तळाला?"

"पाच."

दादा डोक्यातली वाळू झटकू लागले. धर्मा म्हणाला, "सायेब, माझ्या बापानं बांधलेली हाय. म्हाताऱ्याला समजतंय, म्हणून त्येंनाच देईन. शिमग्यापर्यंत थांबतो."

घरी आल्यावर सुलभा म्हणाली, "अहो, घ्या ना लाकडी. त्यांना कळतं त्यातलं."

"तिसरं कोटेशन आल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही!" मी गरजलो. स्वतःच्या बापाच्या होडीसाठी! कोणी मला तिथेच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

तिसरी होडी मिळेना. मग मी आमच्या खात्यात सगळे करतात तेच केलं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये लच्छूशेठ होते, आमच्या कारखान्याला लोखंडी कपाटं पुरवायचे. कधी तिसरं कोटेशन कमी पडलं तर नुसतं कागदापुरतं तेच द्यायचे, भरपूर चढा रेट लावून.

"बोट का? लिख देता हूं ना साब!" म्हणून त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: शीडवाली बोट, एक नग, विथ लॉक. रेट मात्र लावला कपाटाचा. सगळ्यात कमी!

"नियमाप्रमाणे लच्छूशेठ पास होतात," मी दादांना सांगितलं.

"त्याच्याकडे होडी आहे?"

"नाही."

"बांधणार आहे?"

"तो कपाटं बनवतो."

"मग पास कसा झाला?"

"रेट कमी आहे ना, दादा!"

शहाण्याने तो कागद फाडला असता. मी तिन्ही कोटेशनं रद्द केली आणि दोन्ही होडीवाल्यांना रजिस्टर पत्रं धाडली: 'आपला दर अन्य पुरवठादारापेक्षा अधिक असल्याने फेरविचार करून कळवावे.' बावाजींचं कार्ड आलं: "डिकरा, बोट बुडवेल, पण तुला नाय आपेल!"

धर्माचं उत्तरच नाही. शिमगा झाला आणि तो स्वतःच आला. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, दारात उभा. "मास्तरांकडून वाचून घेतलं पत्र. सायबाला दुसरीकडं स्वस्त मिळाली, असं बोलले मास्तर. मग अलिबागच्या हाटेलवाल्याला देऊन टाकली. म्हाताऱ्याला तोंडी सांगावं, म्हणून आलो."

दादा गॅलरीतून आत आले. "शीड नीट घडी करून दिलंस ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला शिव्या दिल्या असत्या, पेकाटात लाथ घातली असती, तरी चाललं असतं. त्यांनी बॅग भरली. हर्णैला आत्याकडे जातो म्हणाले. पुढे तिथे तीन वर्षं काढली, वाळूत बसून दुसऱ्यांच्या होड्या बघत. तिथेच गेले. बदलापूरला परत आले नाहीत.

निघायच्या दिवशी विठ्ठलवाडीच्या डेपोत मी त्यांना दापोलीच्या गाडीत बसवलं. खिडकीखाली उभा राहून मी म्हटलं, "दादा, चुकलंच माझं. पण तुमच्या पैशाला खोट बसू नये, म्हणून ती पद्धत..."

"सुध्या," दादा शांतपणे म्हणाले, "पोरगा मला एकच झाला. आणखी दोन असते, तर मीपण तक्ता केला असता."

गाडी गेली. आमच्या खात्यात एकच कोटेशन आलं, तर फाइलवर शेरा मारून आहे तो माल घ्यावा लागतो: 'अन्य पर्याय उपलब्ध नाही.' दादांनी मला त्याच शेऱ्यावर घेतलं होतं, हे मला पंधरा वर्षं परचेसमध्ये काढून त्या दिवशी कळलं.